वर्तणुकीचा रकाना

शहापूर, सोमवार, ७ जानेवारी १९४६

पहाटे जाग आली ती मागाच्या आवाजाने. उठून बसलो आणि मग उमगले की या घरातला माग बाबांबरोबरच गेला, त्याला एकोणतीस वर्षे झाली. पण आवाज अगदी तसाच. आधी आडव्या सुताचा धोटा सुर्रकन् जाई, मग ते सूत बसवणाऱ्या फणीचे दोन ठोके. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत असे. पुढे शाळेत भुजंगप्रयात वृत्त शिकवू लागले तेव्हा मला तो शिकावाच लागला नाही. एक ह्रस्व, दोन दीर्घ. हा तर आमच्या घरचाच, असे वाटले. बाबांना वाटे, पोरगा मागावर बसेल. पोरगा मास्तर झाला. मागाच्या खड्ड्यात बसलो की मला एक तर झोप येई नाहीतर कविता सुचे, आणि दोहोंनीही कापड होत नाही.

अंथरुणातच एक ओळ आली:

पहाटे पहाटे कुठे माग बोले

दुसरी येईना. तेवढ्यात मनू चहा घेऊन आली. मनू म्हणजे माझी धाकटी बहीण मनुबाई. नवरा वारल्यापासून वीस वर्षे माझ्याकडे आहे. खरे म्हणजे मीच तिच्याकडे आहे.

"अण्णा, च्या निवाय लागलाय. सपनं बघत बसाय तू काय नवरदेव हाईस व्हय?"

दुपारी तम्मण्णा आला. आमच्या विणकर मंडळीचा, म्हणजे सहकारी सोसायटीचा, तो चेअरमन. मूळचा खानापूरकडचा, चार वर्षांपूर्वी इथे आला. माणूस सरळ, पण घाईचा. लढाई संपली तरी सुताची टंचाई संपलेली नाही. गल्लीत साठ माग, आणि मंडळीला मिळणारे सूत वीस-बावीस मागांना पुरेल एवढेच. ज्याच्या हातात ते द्यावे तो साड्या विणून मंडळीत आणून देईल, की सुताचे बंडलच काळ्या बाजारात देऊन मोकळा होईल, हे आधी कळावे कसे?

"मास्तर, छापील तक्ता आलाय. त्यात रकानाच हाय, सभासदाची वर्तणूक. मी इथं नवखा. तुमी ह्या साठातल्या पन्नास जनांचं कान पिळल्यासा."

"पंचावन्न," मी म्हटले.

"मग झालं की. एकेकाला एक शेरा. तुमी लिवायचा, मी डोळं झाकून मानायचा. आनि कुनी लिवलं ते भाईर फुटू द्यायचं न्हाय, न्हायतर तुमाला गल्लीत जगू द्याची न्हाईत."

शाळा सुटून अकरा वर्षे झाली. अकरा वर्षांत कोणी मला काही विचारायला आले नव्हते.

गुरुवार, १० जानेवारी

माळ्यावरची ट्रंक काढली. माझ्या खासगी वह्या शाबूत आहेत, फक्त कडा वाळवीने खाल्ल्या. प्रत्येक मुलापुढे मी स्वभावाचा एक शब्द लिहून ठेवीत असे. 'हट्टी.' 'भित्रा.' 'गोडबोल्या.' अक्षर काय सुंदर होते तेव्हा माझे!

दिल्ली दरबाराच्या वेळचे पान सापडले. डिसेंबर १९११. शाळेत बुंदीचे लाडू वाटले होते. तेव्हा मला एक कल्पना सुचली होती. प्रत्येकाच्या पाटीवर एक लाडू ठेवला आणि सांगितले, मी माझी पाच कडव्यांची कविता म्हणेन, ती पुरी होईपर्यंत जो लाडवाला हात लावणार नाही त्याला दुसरा मिळेल. कविता म्हणताना डोळे मिटलेले होते, कारण तालात म्हणायची तर डोळे मिटावेच लागतात. उघडले तेव्हा बत्तीस पोरांपैकी एकोणीस पाट्या रिकाम्या. या प्रयोगावर मी पुढे 'स्वभाव आणि संपत्ती' असा निबंध लिहिला आणि तालुक्याच्या शिक्षकांपुढे वाचला. जो हातातला घास उद्यावर टाकू शकतो त्याच्या घरी लक्ष्मी राहते. देशाच्या दारिद्र्याचे मूळ बाजारात नसून मनाच्या अधीरपणात आहे, असे प्रतिपादन. टाळ्या पडल्या होत्या. इन्स्पेक्टरसाहेब मान हलवत होते, ते अजून दिसते.

पस्तीस वर्षांनी त्या निबंधाचा उपयोग होतो आहे. विद्या वाया जात नाही.

रविवार, १३ जानेवारी

चाळीस शेरे झाले. सुबरावापुढे फार विचार करावा लागला नाही. १९११ च्या वहीत त्याच्या नावापुढे 'धीराचा' आहे. लाडवाकडे पाहतही नव्हता, असेही समासात लिहिले आहे. आजही तसाच. मितभाषी, स्वच्छ धोतर, दारावर भक्कम कुलूप. 'धीराचा. पूर्ण भरवशाचा' असा शेरा दिला.

मष्णूचे पान काढले. 'अधीर. हाती आलेले टिकत नाही.' वहीतलेच उतरवून काढावे की काय, असा विचार चालला असतानाच बाहेर गलका झाला म्हणून ओसरीवर गेलो. कोणाची तरी पांजणी चालली होती. सूत गल्लीभर ताणून त्याला खळ लावायची, ती वाळायच्या आत कुंच्याने सारखी करायची. एकट्यादुकट्याचे काम नव्हे. त्या घोळक्यात सर्वांत मोठा आवाज मष्णूचा. "ए, ओढ की रं! म्हशीचं दावं धरलंयस व्हय?" स्वतःचा माग दोन महिने रिकामा, आणि हा दुसऱ्यांच्या पांजणीत दिवसभर. आठवडाभरात ही चौथी. आपल्या पोटाचे पाहावे, काही उद्योग शोधावा, ते नाही. वहीतलाच शेरा कायम केला.

मनूला सहज म्हटले, मष्णूचे चित्त एका जागी नसते.

"आसंल," ती म्हणाली. "त्याचं चित्त साठ घरांत ऱ्हातंय."

तिला स्वभावाचा अभ्यास नाही.

मंगळवार, २२ जानेवारी

सूत आले. एकवीस जणांना मिळाले. सुबरावाला चार बंडले, म्हणजे दुप्पट, कारण 'पूर्ण भरवशाचा' असे मी एकट्याच्याच पुढे लिहिले होते. मष्णूचे नाव मागे राहिले. तो मंडळीच्या पायरीवर उभा होता. यादी वाचून झाल्यावर त्याने ज्याला ज्याला मिळाले त्याची बंडले उचलून घरी पोचवली. मोबदला घेतला नाही. आता याला काय म्हणावे?

शनिवार, २ फेब्रुवारी. अमावास्या

माग बंद. गल्ली सुनी. अशा दिवशी मला नेहमीच उदास वाटते. बाबा अमावास्येला फणी पुसून ठेवीत आणि मला खांद्यावर घेऊन नाल्यापर्यंत जात. तेव्हा इकडे सगळी बाभळीची झाडे होती. त्या ओळीला जोड शोधली. 'पहाटे पहाटे कुठे माग बोले, मनाच्या...' पुढे नाही.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

आज मष्णू घरी आला. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, पण माझ्यापुढे अजून टोपी काढून मांडी घालतो.

"मास्तर, एक चिट्टी द्या की. तम्मण्णाला. ह्यो मानूस बरा हाय, सूत द्याला हरकत न्हाय, आसं."

माझी नजर ट्रंकेकडे गेली.

"वर्तनुकीचा काय तरी रकाना आलाय म्हंत्यात," तो म्हणाला. "माज्याबद्दल कुनी वंगाळ लिवलंय देव जाने. आता वर्तनुकीत तुमच्यापरास जास्त कुनाला कळनार? अंबु म्हनली, मास्तरांकडं जावा, त्यांचं अक्षर बगूनच तम्मण्णा गार हुईल."

अंबुबाई त्याची बायको. तिला दम्याचा विकार आहे. आणखी महिनाभर सूत नाही मिळाले तर माग विकून निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला जावे लागेल, म्हणाला. "मी जाईन वो कुटंबी. पन तिला त्या तंबाकूच्या धुरळ्यात घालाय नगं वाटतंय. हितं घरात सुताच्या कांड्या भरत बसती, तवर बरी ऱ्हाती."

विषय बदलावा म्हणून मी हसत विचारले, "मष्ण्या, दरबाराचा लाडू आठवतो का रे?"

"न आठवायला काय झालं! तुमी डोळं झाकून हुबं, आनि आमी हितं..." आणि तो मोठ्याने हसला. "अर्दा मी खाल्ला, अर्दा शेजारच्या भरमाला दिला. त्याचा लाडू धक्का लागून मातीत पडलाता, त्यो रडाय लागला."

"पण थांबला असतास तर दुसरा मिळाला असता."

"मागच्या रांगंला कदी काय पोचलंय वो मास्तर? गणपतीचा परसाद तिसऱ्या रांगंतच सपायचा. हातात हाय तवर खावं, न्हायतर कुनाला तरी द्यावं. आनि थांबलेल्यास्नी तरी कुटं मिळाला? तुमी म्हनलासा, लाडू सपलं, उद्या देतो. त्यो उद्या अजून याचाय!"

टोपीने डोळे पुसेपर्यंत हसला. मीही हसलो. मला हे काही आठवत नाही.

चिठ्ठी लगेच लिहून दिली. चांगली उतरली. 'सदर गृहस्थ कष्टाळू, सालस व परोपकारी असून' वगैरे. त्याने ती कपाळाला लावली आणि खिशात ठेवली. या चिठ्ठीने काम होईल. शेऱ्याचेही तम्मण्णाला समक्ष सांगायला हवे. उद्या जाईन.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

परवा गुडघा धरला होता. काल जायला निघालो तर वाटेत सुबराव भेटला, ओट्यावर बसवून घेतले. सहज विचारले, त्या दिवशी थांबलेल्यांना दुसरा लाडू मिळाला होता का?

"न्हाय मिळाला, मास्तर," तो शांतपणे म्हणाला. "तेरा जन थांबलतो. तेराबी जन तसंच घरी गेलो."

"मग वाईट वाटले असेल."

"वाईट कशाचं? त्या दिशी शिकलो की. थांबायचं, पन दुसऱ्याच्या शब्दावर न्हाय. माल आपल्या कुलपात ठिवायचा आनि मग थांबायचं."

किती मार्मिक बोलला! लहानशा गोष्टीतून माणूस बोध घेतो तो असा. त्याच्या घरी मागाचा आवाज नव्हता, घर कसे शांत. उठता उठता दिवेलागण झाली, म्हणून तम्मण्णाकडे जायचे राहिले.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आज मंडळीच्या अर्ध्या वाटेपर्यंत गेलो. देवळाच्या कट्ट्यावर बसून विचार केला. एक शेरा चुकीचा म्हणावा तर बाकीचे एकोणसाठ तरी बरोबर कशावरून, असे तम्मण्णा विचारणार. मग तो निबंध, त्या वह्या, सगळेच. शिवाय चिठ्ठी दिलेलीच आहे. वर आभाळ इतके निळे होते की 'मनाच्या तळाशी' हे शब्द आले. पण पुढचे निसटले. परत आलो.

मनू म्हणाली, "भेटला तम्मण्णा?"

"घाई कशाला? महिना संपायला वेळ आहे."

"तुला हाय वेळ," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

बुधवार, २० फेब्रुवारी

आज गेलो. मंडळीत दहाबारा माणसे बसली होती. मी तोंड उघडायच्या आत तम्मण्णानेच मला बाजूला घेऊन खुर्ची दिली, आणि हळू आवाजात, पण हसत, म्हणाला:

"मास्तर, तो मष्णू तुमची चिट्टी घेऊन आलता. काय भाषा वो! मी मनात म्हनलं, मास्तर भिडस्त मानूस, दारात आलेल्याला न्हाय म्हनवत न्हाय. चिट्टी भिडंनं लिवत्यात, शेरा खरा आसतोय. मी शेराच धरलाय. काळजी करू नगासा."

मी हसलो. होय, हसलो. समोर माणसे होती. कोणीतरी पान पुढे केले. ते खाल्ले आणि घरी आलो.

हे लिहून ठेवायला हवे होते म्हणून लिहिले.

शुक्रवार, १ मार्च

नवी यादी लागली. मष्णूचे नाव नाही. सुबरावाला पुन्हा चार.

सोमवार, ४ मार्च

मष्णूचा माग आज उतरवला. लाकडाच्या वखारवाल्याने नेला, जळणाच्या भावाने. रिकाम्या मागाला सध्या गिऱ्हाईक कोण? मष्णू खड्ड्यात उतरून खुंट्या काढून देत होता. अंबुबाईने फणी तेवढी विकू दिली नाही. पदरात गुंडाळून घेतली.

जाताना दोघे आमच्याकडे आली. तिने वाकून नमस्कार केला तो खोकतच. चार पावले चालली की भिंतीला हात लावून थांबते.

मनूने तिच्या ओटीत गूळ-खोबरे घातले. "अंबु, तोंडाला फडकं बांधत जा गं वखारीत."

"बांधती आक्का. सा म्हैन्यांचा तर परश्न हाय. सूत सुटलं की माघारी येतावच की." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, तुमची चिट्टी जपून ठिवलीया. तम्मण्णानं न्हाय मानली, पन आमच्याबद्दल आसं बरं कुनी लिवलं नव्हतं. यास्नी सांगती, पुन्यांदा वाचून दावा."

मष्णू म्हणाला, "सालस म्हंजी काय वो मास्तर? ही रोज इचारती."

मी सांगितले. सरळ मनाचा, सज्जन.

भरमाच्या लॉरीत बसून गेली. भरमा तंबाखूच्या लॉरीवर ड्रायव्हर आहे, बेळगाव-निपाणी करतो. त्याने भाडे घेतले नाही. लॉरी वळेपर्यंत मष्णू गल्लीतल्या प्रत्येक दाराकडे बघून काही ना काही ओरडत होता. "ए शामू, परवाची खळ दाट झाल्ती, पानी घाल जरा!" शेवटच्या दारापर्यंत.

आत आलो तर मनू माझ्या वह्यांची ट्रंक उघडून बसलेली. तिला वाचता येते हे मी विसरतोच. मीच शिकवले होते.

"मष्णूफुडं तू लिवलंयस व्हय हे?"

तिने ट्रंक लावली.

"तू मानसं शाळंतच बघितलीस, अण्णा. भाईर कवा बघितलीस?"

बुधवार, ६ मार्च

मनू दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. वाढते, पण बोलत नाही.

शनिवार, ९ मार्च

आज सकाळी उठल्या उठल्या, चहाही न घेता तम्मण्णाकडे गेलो. तो दात घाशीत होता. मी उभ्या उभ्या सगळे सांगितले. लाडवाचे सांगितले. चिठ्ठी खरी आणि शेरा खोटा, हे सांगितले. तो तोंडात राखुंडी तशीच ठेवून ऐकत राहिला. मग चूळ भरली.

"मास्तर, तुमी लाडवावरनं लिवलासा?"

"हो."

"नऊ वर्साच्या पोराच्या लाडवावरनं?"

"दहा. दहा वर्षांचा होता."

त्याने तोंड पुसले. रागावला नाही, रागावला असता तर बरे वाटले असते. "मला वाटलं, तुमी त्यास्नी वळकता," एवढेच म्हणाला. मग आत जाऊन तक्ता घेऊन आला आणि मष्णूचा शेरा माझ्यासमोर खोडला. वर माझ्याच हाताने लिहायला लावले. मी 'परोपकारी' लिहिले. "त्याला सूत ठिवतो बाजूला. बोलवा माघारी. मागाचं कायतरी करू. पडलेलं दोन माग हाईत मंडळीचं." जाता जाता म्हणाला, "आनि मास्तर, सुबरावचा माग मला दीड म्हैन्यात ऐकू आला न्हाय. साड्याबी आल्या न्हाईत. 'हुत्याल की, दमा जरा' म्हंतोय. तुमाला ऐकू आला?"

मला ऐकू आला नव्हता. ते घर शांत असते, असे मीच कुठेतरी लिहिले आहे.

निपाणीच्या पत्त्यावर कार्ड टाकले. 'मंडळीने तुझे नाव घेतले आहे. सूत व माग दोन्ही तयार. सौ. अंबुबाईस घेऊन तत्काळ निघून ये.' शेऱ्याबद्दल लिहिणार होतो. कार्डावर जागा उरली नाही. अक्षर थोडे बारीक काढले असते तर मावले असते.

रविवार, १७ मार्च. होळी

उत्तर नाही. मनू पुरणाच्या पोळ्या करते आहे. बोलू लागली आहे. "येत्याल. कार्डाला आठ दिस लागत्यात," म्हणाली. तिने मष्णूच्या घराचा उंबरा सारवून घेतला.

बुधवार, २७ मार्च

दुपारी भरमा आला. लॉरी कोपऱ्यावरच ठेवून चालत आला, तेव्हाच मनू जागची उठली.

अंबुबाई गेली. होळीच्या दुसऱ्या दिवशी. वखारीत तंबाखू चाळायच्या कामावर घेतले होते. तोंडाला फडके बांधायची, पण दम कोंडतो म्हणून काढायची. आठ दिवस कामावर गेली, तीन दिवस पडून होती. मष्णूने तिथेच, नदीकाठी, सगळे केले. गल्लीतले कोणी नव्हते. खांद्याला चौथा माणूस म्हणून भरमाने वखारीतला एक हमाल बोलावला. ज्याने या गल्लीतली एक तिरडी सोडली नाही, त्याला चौथा खांदा भाड्याने आणावा लागला.

"माझं कार्ड?" मी विचारले.

"पोचलं की मास्तर. पंधरा-सोळा तारकंला. मीच वाचून दाखिवलं. ती आयकत हुती. 'बगा, म्हनलं नव्हतं मी,' आसं म्हनली. उठाय बगत हुती, लॉरीत घाल म्हनली मला. मी म्हनलं, वैनी, दोन दिस दम खावा, मग नेतो." भरमा जमिनीकडे बघत होता. "मीच म्हनलं दम खावा."

"मष्णू येतो का परत?"

"न्हाय म्हनला. 'आता कांड्या भराय कोन हाय,' म्हनला. तुमास्नी नमस्कार सांगितलाय. 'तम्मण्णा आसं आपनहून करायचा न्हाय, मास्तरांनीच खटपट केली आसनार,' म्हनला."

मनू आत गेली. भांडी पडल्याचा आवाज आला. मी भरमाला सांगायला हवे होते. तो निघेपर्यंत तोंडात शब्द होता.

पाच फेब्रुवारीपासून नऊ मार्चपर्यंत. बोटांवर मोजले. बत्तीस दिवस. मी अधीर मुलगा नव्हतो, असे माझे मास्तर म्हणत.

सोमवार, १ एप्रिल

तम्मण्णा सांगून गेला. सुताचा भाव पाडव्यानंतर आणखी चढणार अशी बाजारात बातमी आहे, आणि ज्यांनी दोन महिन्यांत एकही साडी दिली नाही त्यांच्या घरांची झडती उद्या दुपारनंतर होणार. त्याने नाव घेतले नाही. मीही विचारले नाही. भरमा उद्या निपाणीहून येणार आहे; त्याच्याबरोबर मष्णूला पत्र पाठवायचे. या वेळी कार्ड नाही, कागद. सगळे लिहायचे.

मंगळवार, २ एप्रिल. अमावास्या

मनू देवळात गेली आहे. पत्र लिहायला बसलो. 'चि. मष्णूस, तुझ्या नावापुढे जे वाईट लिहिले होते ते लिहिणारा' इथपर्यंत झाले आहे. हात थांबला म्हणून ही वही ओढली. पुढचे शब्द तसे साधेच आहेत.

दार वाजते आहे. भरमा लवकर आला वाटते.

भरमा नव्हता. सुबराव. डोक्यावर वाकळीचे मोठे गाठोडे, आणि ते त्याने न विचारता आत आणून ओसरीच्या कोपऱ्यात ठेवले. मग दार लोटून घेतले. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्या घरात आलेला नाही.

"मास्तर, दोन दिस ऱ्हाऊ द्या. पाडवा झाला की नेतो."

वाकळीची गाठ सैल होती. आत पांढरे सूत. मंडळीची चिठ्ठीही बंडलावरून काढलेली नव्हती. आठही बंडले, जशीच्या तशी.

"माझ्याकडे का?"

"तुमच्या घराची झडती कोन घेनार? शेरं लिवनारं तुमीच की." तर त्याला ठाऊक होते. सगळ्या गल्लीला ठाऊक असेल, एका मष्णूला सोडून. "तुमी माज्याफुडं काय लिवलंय तेबी म्हाईत हाय मला. उपकार इसरनार न्हाय. भाव दुप्पट झाला की तुमचाबी वाटा काढून ठिवतो. शब्द न्हाय देत, रोख देतो."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो लबाड दिसत नव्हता. हिशेबी, स्वच्छ, समाधानी. मी लिहिले होते तसाच. यातल्या दोन बंडलांत अंबुबाई जानेवारी-फेब्रुवारीभर उंबऱ्यात बसून कांड्या भरत राहिली असती.

"बस. पाणी आणतो," म्हणालो आणि आत आलो.

आत आलो आणि काय केले? वही उघडली. तो बाहेर बसला आहे, मी इथे शाई बुडवतो आहे, आणि मनात हळूच येते आहे की मनू येऊ दे, भरमा येऊ दे, झडती तर दुपारनंतर आहे. हा माणूस तसाच बसून राहील, त्याला बसणे जमते. मलाही जमते.

चप्पल मागच्या दारी आहे. तम्मण्णाचे घर चार दारांवर. ही ओळ पुरी न करता उठतो, कारण पुरी करायला बसलो तर